दादासाहेब अजून शुद्धीवर नाहीत

४ फेब्रुवारी

मा. मुख्याध्यापिका बाईंस,

"फोनवर तुम्ही अभिनय करता, काही सांगायचंच असेल तर लिहा," असं म्हणून तू फोन ठेवलास. त्यानंतर उचलला नाहीस. म्हणून लिहितो आहे. कागद मुद्दाम रेघांचा घेतला, म्हणजे निदान सरळ लिहिलं जाईल.

आधी खुशाली. मी अजून बेशुद्ध आहे. आमच्या धंद्यात सध्या यापेक्षा चांगली बातमी कोणाकडे नाही. मालिकेत माझ्या धाकट्या मुलाचं काम करणारा पोरगा रोज सकाळी आल्या आल्या भिंतीवरच्या कागदात आपलं नाव शोधतो. असलं की चहा मागतो. नसलं तरी चहा पिऊनच जातो, पण उभ्याने. मला तसली धाकधूक नाही. मी ज्यांचं काम करतो त्या दादासाहेबांची शुद्ध हरपलेली आहे आणि मृत्युपत्र कुठे ठेवलंय हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणजे त्यांना मारता येत नाही आणि उठवताही येत नाही. मी आडवा आहे तोवर पगार चालू आहे.

जिन्याची गोष्ट तुला कधी नीट सांगितली नव्हती. सांगितली असती तर "मी तेव्हाच म्हणत होते" हे ऐकावं लागलं असतं. आमच्या मालिकेतल्या बंगल्यात जो संगमरवरी जिना दिसतो तो प्लायवुडचा आहे आणि वर कुठेही जात नाही. शेवटच्या पायरीवर छताला डोकं लागतं. तो बांधलाय फक्त पडण्यासाठी. ज्याने मानधन वाढवून मागितलं त्याचा पुढच्या आठवड्यात त्या जिन्यावरून पाय घसरतो. आधीच्या आत्याबाई घसरल्या, दवाखान्यात पट्ट्या काढल्या तेव्हा आत वेगळीच आत्याबाई निघाली, आणि घरातल्या एकालाही नवल वाटलं नाही. त्यामुळे सेटवर आता शूटिंग नसतानाही सगळे कठडा धरून उतरतात. मला हे सगळं दिसत होतं, तरी मी शेठना म्हणालो, महिन्यातले दोन दिवस वाढवून द्या. शेठ म्हणजे आमचे निर्माते. ते गोड हसले. सोमवारी मी घसरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुला मुख्याध्यापिका केलं, गाव लांबचं, शाळेच्या आवारातच राहायला घर. तू म्हणालीस, चला. मी म्हणालो, आत्ता नाही, मालिकेतला माझा ट्रॅक, म्हणजे माझ्या कथेचा धागा, वळणार आहे. तू विचारलंस, "बेशुद्ध माणसाचा ट्रॅक वळतो म्हणजे नेमकं काय होतं?" तिथून पुढे आपण दोघांनी एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत मजल मारली. ट्रंक बंद करताना तू म्हणालीस, "झोपायचंच आहे तर ते कुठेही येतं." ते मला लागलं. अजून लागलेलं आहे. सध्या एवढंच.

तुझा,
आडवा

१९ फेब्रुवारी

प्रिय बाई,

उत्तर नाही. परीक्षा जवळ आल्या असतील. तुझी बहीण परवा भेटली, म्हणाली, ताईला मालिका बघायला वेळ कुठला, शाळेतून आली की कामं. बरोबर आहे. बघण्यासारखं असतंय काय? एक माणूस डोळे मिटून पडलाय आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे राहून एकमेकांकडे बघतायत. तरी साडेसात वाजले की मला उगाच वाटतं, तू बघत असशील. ते एक असो.

गंमत सांगतो. बंगल्यातली सगळी दारं नुसती रंगवलेली आहेत, पण इस्पितळाच्या खोलीचं दार खरं आहे, कारण त्यातून ढकलगाडी आत यावी लागते. आणि अख्ख्या स्टुडिओत फक्त त्याच खोलीतला एसी चालतो, कारण घाम आला की माझ्या नाकातल्या नळीची चिकटपट्टी सुटते. नळी एकदा लावली की दिवसभर काढायची नाही, असा मेकअपदादांचा हुकूम आहे. तेव्हा दोन शॉटच्या मधेही मी तिथेच पडून असतो, डोळे मिटून. डोळे उघडले तर वरचे दिवे खुपतात.

तर काल दुपारी शेठ आत आले, मागून चॅनलची बाई. बाई म्हणायचं, वय आपल्या भाचीएवढं. पण तिने भुवई वर केली की चार घरच्या चुली विझतात. तिने दार लावलं, एसीखाली उभी राहिली आणि विचारलं, "इथे कुणी नाही ना?"

शेठ माझ्या उशाशी उभे होते. त्यांचा हात पलंगाच्या दांडीवर होता. ते म्हणाले, "नाही, कुणी नाही."

अगं, मला खोकायला हवं होतं. निदान पाय तरी हलवायला हवा होता. पण इतके महिने मी पडून राहण्याचेच पैसे घेतोय, सवय आड आली. आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती. भिंतीला कान असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पलंगावर माणूस आहे हे ते दोघं साफ विसरले होते. मालिकेत एवढे दिवस "दादासाहेबांना काही ऐकू येत नाही" हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय की त्यांनाही ते पटलेलं असावं.

बाई म्हणाली, "धाकट्या मुलाचं काय करायचं? थंड पडलाय."

"परदेशी पाठवू."

"मागच्याच महिन्यात आलाय ना परदेशातून?"

"मग परत पाठवू. काहीतरी विसरलाय तिकडे, असं म्हणू."

दोघं हसले आणि गेले. पुढच्या तासाला त्या पोराचा आणि माझा सीन होता. तो माझ्या छातीवर डोकं ठेवून "बाबा, एकदा डोळे उघडा" म्हणाला, तेव्हा मी ओठ न हलवता पुटपुटलो, "दुसरीकडे काम बघ." त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. दिग्दर्शक एवढे खूश झाले की दुसरा टेक घेतला नाही.

तुझा,
पलंगकर

११ मार्च

बाई,

आता मी सेटवरचं एक मोठं प्रस्थ झालो आहे. पोराने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि अळीमिळी गुपचिळी म्हणत म्हणत ते शेठ सोडून सगळ्यांना कळलं. आता लोक माझ्या समाचाराला येतात. खरोखरच समाचाराला येतात तसे, हातात केळी घेऊन. पलंगाच्या कडेला बसतात, नळीबिळी सारखी केल्यासारखं करतात आणि कानाशी वाकून विचारतात, "दादासाहेब, माझं काही ऐकलंत?"

थोरली सून आली. ती मालिकेची नायिका, दारावर तिचं पोस्टर आहे, तरी आली. कॅमेरावाले आले. नवीन आत्याबाई आल्या आणि विचारलं, जुन्या आत्याबाई परत येणार अशी हवा आहे, खरं का? एकदा तर दोघे एकदम आले आणि पलंगाच्या दोन बाजूंना बसले, मग एकमेकांना बघून दोघांनीही माझं पांघरूण नीट केलं. मेकअपदादा म्हणतात, आता बाहेर बाक टाकू आणि नंबर लावू.

सगळ्यात कहर म्हणजे लेखक आले. बाई, हा माणूस आम्हा सगळ्यांचं मरण-जगणं लिहितो. याने लिहिलं म्हणून मी घसरलो. तो माझ्या उशाशी बसला आणि म्हणाला, "माझ्या जागी कुणी दुसरा बघतायत का हो?" मी म्हटलं, "तुमच्याबद्दल काही कानावर नाही. पण माझा ट्रॅक कधी वळणार ते तुम्ही सांगा." तो म्हणाला, "ते मला कसं माहीत असणार? मला आदल्या दिवशी संध्याकाळी कळवतात." मग आम्ही दोघांनी एक एक केळं खाल्लं. म्हणजे त्याने खाल्लं, मला नळीमुळे जमलं नाही.

हसलीस का? हसली असशील तर इथे थांब. पुढचं तसं नाही.

मालिकेत माझी नर्स आहे, ती तुला आठवते का? बोलते कमी, ताप बघते, खिडकीचा पडदा सरकवते. घरी तिची आई आजारी आहे, खरीखुरी. ती मागच्या सोमवारी आली आणि म्हणाली, "मला दुसऱ्या मालिकेत विचारलंय. तिथे मी मैत्रीण आहे, वाक्यं आहेत. पण इथलं पक्कं असेल तर मी हे सोडणार नाही. तुम्ही सांगा." मी शनिवारीच ऐकलं होतं. चॅनलची बाई म्हणाली होती, नर्सची गरज काय, ताप सूनच बघेल, तेवढीच तिची माया दिसेल. हे मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. आणि मी तिला म्हणालो, "तुझं नाव निघालं नाही."

का म्हणालो, ते विचारशील. वाईट बातमी तोंडावर सांगायला माझी जीभच उचलत नाही. त्या पोराला सांगितली तेव्हा मी बेशुद्ध होतो, ते सोपं गेलं. हिने सरळ विचारलं. तिने दुसरीकडे नाही म्हणून कळवलं. काल तिला कागद मिळाला की आजचा शेवटचा दिवस. शेवटच्या शॉटला तिने माझी नाडी बघितली, नेहमीसारखी, आणि कट झाल्यावर हात सोडला नाही. म्हणाली, "दादासाहेब, तुम्ही खरंच बेशुद्ध असता तर बरं झालं असतं." ओरडली नाही, काही नाही. पडदा सरकवून गेली.

केळी आता मी कुणाकडून घेत नाही. लोक मात्र येतच आहेत.

तुझा

२ एप्रिल

प्रिय बाई,

ऐकून तुला अभिमान वाटेल, नवऱ्याचा पुतळा होतो आहे. चौकात नव्हे, खोलीत. पण पुतळा तो पुतळाच.

सगळं सांगतो, कारण कागदावर अभिनय येत नाही असं तुझं मत आहे. परवा शेठ आणि चॅनलची बाई पुन्हा एसीखाली आले. बाई खर्च कमी करायचा म्हणत होती. नावं घेता घेता ती माझ्यापाशी आली. "हे दादासाहेब करतात काय?"

शेठ म्हणाले, "पडून असतात."

"आणि त्याचे आपण पैसे देतो?"

शेठनी माझी बाजू घेतली, हे मला नोंदवलं पाहिजे. ते म्हणाले, "पण पडतात चांगले."

बाई म्हणाली, "रबराचा माणूस करून घ्या. आत मोटर बसवली की छाती खालीवर होते. एकदाच खर्च. चहा नको, जेवण नको, आजारी पडणार नाही." शेठनी पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "मिशा जमतील का?" यावरून मी ओळखलं की त्यांनी होकार दिलेला आहे.

लगेच शॉट होता. सून माझे पाय चेपत होती आणि माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. माझा काही इरादा नव्हता. दिग्दर्शक ओरडले, "कट. दादासाहेब, बेशुद्ध माणूस रडत नाही." मेकअपदादांनी टिपून घेतलं आणि वर पावडर लावली.

मग काल शेठ स्वतः आले आणि मला म्हणाले, "एका विशेष भागासाठी तुमचा चेहरा साच्यात घ्यायचा आहे, स्वप्नाचा प्रसंग आहे, तुम्ही दोन दोन दिसणार." मी म्हणालो, "वा." दुसरं काय म्हणणार? मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं तर मी ऐकतो हेही कळलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मूर्तिकार आला, सभ्य माणूस आहे. त्याने माझ्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापलं, नाकपुड्यांत दोन नळ्या दिल्या आणि म्हणाला, सुकेपर्यंत हलू नका. सुकल्यावर साचा काढून माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "तुमच्यासारखा माणूस मिळत नाही. बाकीचे सगळे हलतात." इतक्या वर्षांत माझ्या कामाचं एवढं मनापासून कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

तू काळजी करू नकोस. असे बेत इथे दर आठवड्याला होतात आणि बारगळतात. मोटर महाग असते. मिशा तर माझ्या कुणालाच जमणार नाहीत.

लेखकाला म्हटलं, दादासाहेबांना एकदा शुद्धीवर आणा, एकच वाक्य द्या, कुठलंही. तो म्हणाला, वर बोलतो. माझं वाक्य ठरलं तर तुला आधी कळवीन, त्या दिवशी तेवढं बघ. मला ते वाक्य तुला ऐकवायचं आहे. फोनवर तर तू ऐकत नाहीस.

तुझा

२३ एप्रिल

प्रिय बाई,

इकडे सगळं उत्तम. काम जोरात आहे. आजही सकाळपासून पडूनच होतो.

पुतळा झाला. फार हुबेहूब झालाय म्हणतात. विशेष भाग झाला की गोदामात ठेवून देतील. मला त्यामुळे अधूनमधून सुट्टी मिळते एवढाच फरक.

सुट्टीच्या वेळात घराकडे जरा लक्ष दिलं. वरच्या फळीवरचे डबे खाली काढून घासले. त्यातल्या एकात तू नुसत्या झाकणांचा संग्रह केला आहेस, त्यांचे डबे कुठे आहेत? न्हाणीघरातला गळका नळ मीच दुरुस्त केला, आता कमी गळतो. समोरच्या इमारतीतला तो तुसडा म्हातारा रोज दुपारी तीनच्या सुमारास गॅलरीत येऊन पाखरांना दाणे टाकतो आणि त्यांच्याशी गप्पा मारतो. इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. आता रोज बघतो.

संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावतो. स्वतःचं काम बघावं माणसाने, त्यातून शिकायला मिळतं.

शाळेला सुट्टी लागली असेल. इकडे येण्याची घाई करू नकोस. मी कामात असतो.

तुझा

९ मे

प्रिय,

त्या पलंगावर मी नाही. एप्रिल अर्धा झाला त्या सुमाराला शेठनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "दादासाहेब, आता जरा विश्रांती घ्या." जो माणूस दिवसभर पडून असतो त्याला हे म्हणायला त्यांना काहीच वाटलं नाही. मीही "हो" म्हणालो. मेकअपदादांनी नाकातली नळी काढली आणि पुसून आपल्या खिशात ठेवली. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खोटं होतं. सकाळपासून पडून होतो हे खरं होतं, पण आपल्या पलंगावर. तू निघताना जे म्हणालीस त्यानंतर "काम गेलं" हे तुला लिहिणं मला जमलं नाही. नर्सला जमलं नव्हतं तसंच.

साडेसातला बसून मी त्याला बघत होतो. मिशा जमल्या आहेत. छाती खालीवर होते. मेकअपदादा फोन करतात, म्हणतात, "त्याला पावडर लावताना सवयीने बोलतो मी. तो उत्तर देत नाही. तुम्हीसुद्धा कुठे देत होता, पण तुमच्याशी बोलल्यासारखं वाटायचं." चॅनलने प्रेक्षकांची पाहणी केली. दादासाहेब हल्ली ताजेतवाने दिसतात, असं लोकांचं मत पडलं. एवढे लोक रोज बघतात, बाई. एकाने विचारलं नाही, तो माणूस कुठे गेला. पहिल्या आठवड्यात मी वाट बघत होतो. मग मलाच वाटायला लागलं, कदाचित आधीही तिथे कुणी नव्हतंच. शेठ त्या दुपारी माझ्या उशाशी उभे राहून "कुणी नाही" म्हणाले होते तेच बरोबर होतं.

आणि परवा शेठचा फोन आला. आवाज पार बसलेला. "दादासाहेब, एक तक्रार आलीय." मग त्यांनी मला ती वाचून दाखवली. "महोदय, आपल्या मालिकेत गेल्या काही भागांपासून रुग्णाच्या जागी दुसरेच काही ठेवण्यात आले आहे. मूळ रुग्ण कोठे आहे व कोणत्या अवस्थेत आहे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. तसेच सलाइनची बाटली पहिल्या दिवसापासून तितकीच भरलेली आहे, याकडेही आपले लक्ष वेधत आहे." खाली "मुख्याध्यापिका" असा शाळेचा शिक्का, वर जावक क्रमांक. चॅनलची बाई जावक क्रमांक बघून हादरली. तिला वाटलं हे सरकारी प्रकरण आहे, आता कुणाची तरी चौकशी लागणार आणि ती आपलीच असणार. तीसुद्धा नोकरदारच शेवटी. तिची नोकरी जाणार, मग शेठची मालिका जाणार, अशी दोघांची पाचावर धारण बसली.

शेठ म्हणाले, "लांबच्या शॉटला तो राहू दे, जवळच्या शॉटला तुम्ही या. आणि लेखक म्हणतो, एक वाक्यही देऊ." मी विचारलं, "कुठलं वाक्य?" ते म्हणाले, "तुम्ही सुचवा." वर विचारलं, "ही कोण बाई असेल हो?" मी म्हणालो, असेल कुणी प्रेक्षक. इतकंच खोटं बोललो, तेवढं चालवून घे.

त्यांना मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.  आमच्या धंद्यात शेठना असं उत्तर द्यायची पद्धत नाही.

आणि आज तुझं पत्र आलं. इतक्या दिवसांनी, तेही खुलासा न आल्यामुळे. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तरी उतरवून काढतो, म्हणजे तू हेच लिहिलंस याची मला खात्री पटेल.

"त्या पलंगावर कोण आहे? मी पहिल्या दिवसापासून बघते, तुम्हाला सांगू नकोस असं बहिणीला म्हटलं होतं. घरी मी बोलत असायची आणि तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात, तेव्हा मला वाटायचं, हा माणूस ऐकतच नाही. त्याच रागात निघून आले. आता तिथे जो ठेवलाय तो खरोखरच ऐकत नाही. त्याच्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं, तुम्ही ऐकत होतात. कुठे आहात? जेवता का वेळेवर?"

हे वाचल्यावर मी डबे घासायला घेतले, घासलेलेच. मग ठेवून दिले.

हो, ऐकत होतो. सगळं. तू वर्गातल्या त्या दांडगट मुलीबद्दल सांगायचीस तेही, घरमालकाबद्दल बोलायचीस तेही, माझ्याबद्दल बोलायचीस तेही. उत्तर काय द्यावं ते सुचायचं नाही म्हणून डोळे मिटायचो. तू निघताना "चला" म्हणालीस ते पण ऐकलं होतं. त्याचं उत्तर मी दिलंच नाही, ट्रॅकचं काहीतरी सांगितलं.

शेठना आत्ता फोन करून सांगितलं, जवळच्या शॉटलाही तोच वापरा. ते म्हणाले, "अहो, पण वाक्य?" मी म्हणालो, नर्सला परत बोलवा आणि ते तिला द्या. ते हो म्हणाले आहेत. घाबरलेला शेठ शब्द पाळतो, बघू. मी तिलाही फोन केला. तिने आधी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही नीट ऐकलंय ना?" मी म्हणालो, ऐकलं नाही, मीच सांगितलं.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो; टपाल माझ्यामागून पोचेल, म्हणून हे पत्र बरोबरच आणतो. पुढे काय करणार ते मला माहीत नाही. तुझ्या आवारात उगाच कुणाला सांगू नकोस की नवरा टीव्हीत आहे, आता नाही.

कुठे आहात, विचारलंस. घरी आहे. जेवता का, विचारलंस. वेळेवर नाही. एका माणसापुरतं रांधायचं म्हणजे कधी उरतं, कधी पुरत नाही. आज केलंच नाही. परवा दुपारपर्यंत पोचेन, तेव्हा आपण दोघं बसू. तू बोल.

तुझा